कप्तानाचा सोफा

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलताना 'लवकरच' हा शब्द वापरायचा नाही, असा आमच्या कंपनीचा नियम आहे. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की फोन मला येतो. मी म्हणतो, "शांत राहा, मदत निघाली आहे." मदत खरंच निघाली आहे की अजून चप्पल शोधते आहे, हे मला माहीत नसतं. पण माझा आवाज शांत असतो आणि पगार त्याचाच मिळतो. 'लवकरच' म्हटलं की माणूस घड्याळ बघायला लागतो, आणि घड्याळ बघणारा माणूस थोड्या वेळाने दारावर लाथा घालतो.

बरीच वर्षं दुसऱ्यांना शांत ठेवल्यावर एकदा एका बाईंनी बटण दाबलं आणि मी म्हणालो, "मग जिन्याने जायचं होतं." साहेबांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं, परत ऐकलं, मग मला बोलावून म्हणाले, "तू जरा समुद्रावर वगैरे जाऊन ये. निवांत." सुट्टी त्यांनी दिली. निवांतपणाचा खर्च मी करायचा होता.

म्हणून मी समुद्रकाठचं एक शहर निवडलं आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त होस्टेल शोधलं. एका खोलीत दुमजली पलंग दाटीवाटीने लावलेले होते, आणि मला वरचा मजला मिळाला होता. छत इतकं जवळ होतं की रात्री कूस बदलायची तर आधी छताची परवानगी घ्यावी लागे. खालचा मनुष्य घोरताना मध्येच थांबायचा. तो मेला की काय, या काळजीने मी जागा राहायचो. तो घोरायला लागला की जिवंत आहे याचा राग यायचा. होस्टेलवाली बाई प्रत्येक गोष्टीवर 'वेगळं' म्हणायची. टॉवेल वेगळा, गरम पाणी वेगळं, उशी आहे पण अभ्रा वेगळा. "आणि समुद्र?" मी विचारलं. "तो फुकट," ती म्हणाली, "पण खिडकीतून बघायचा तर खोली वेगळी."

पहिला दिवस मी निवांत होण्यात घालवला. फार दमणूक होते. बंदराच्या भिंतीवर बसलो, भिंत तापलेली होती. मासळीचा लिलाव बघितला, एकाने मला गिऱ्हाईक समजून हातात एक मोठा मासा दिला आणि निघून गेला; तो परत येईपर्यंत मी माशाच्या डोळ्यात बघत उभा. चढाच्या गल्ल्यांतून वर गेलो, वर गेल्यावर कळलं की बघण्यासारखं सगळं खाली आहे. दुपारी नाक भाजलं. संध्याकाळी होस्टेलच्या दारावर एक कागद दिसला: 'शहराची पायी सफर. फुकट. खूश झालात तर टोपीत काय ते टाका.' खूश व्हायचा माझा इरादा नव्हता, त्यामुळे हिशेब बसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावरच्या पुतळ्याजवळ गेलो. पुतळा ब्राँझचा, एक हात कमरेवर, दुसरा समुद्राकडे. खालची पाटी खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लेली, एकही अक्षर वाचता येत नव्हतं. पुतळ्याभोवती आठ-दहा प्रवासी जमले होते. नवं लग्न झालेलं एक जोडपं एकाच चष्म्यातून आळीपाळीने बघत होतं. परातीएवढी टोपी घातलेल्या एक बाई होत्या, त्यांच्या टोपीखाली आणखी दोघेजण सावलीला उभे राहिले असते. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, पाठमोरा, गाइड. बाकीचे गाइड हातात छत्री धरतात. याने माशा मारायची जाळी उंच धरली होती.

"मंडळी," तो म्हणाला, "हा कप्तान!"

तो आवाज ऐकून माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

आता आमच्या घराबद्दल एक सांगतो. मी दहावीत असताना माझे वडील सोफा घेऊन गेले. लोकांचे वडील पैसे घेऊन जातात, शेजारीण घेऊन जातात. आमच्या पप्पांनी एका रविवारी टेम्पो बोलावला, आईला म्हणाले, "याचं रेक्झीन फाटलंय, नवं कापड लावून लवकरच आणतो," आणि सोफ्यावर बसून गेले. टेम्पोच्या मागे, सोफ्यावर, मांडीवर डबा घेऊन. मीच खालून दोरी बांधली होती. त्यानंतर सोफाही आला नाही आणि पप्पाही.

आईने भिंतीजवळची ती जागा रिकामी ठेवली. आम्ही म्हणायचो, आई, दुसरा सोफा घेऊ. ती म्हणायची, "ते एक आणायला गेलेत ना? दोन-दोन सोफे ठेवायचे कुठे?" पाहुणे आले की सतरंजीवर बसायचे. ताईला बघायला आलेले लोकसुद्धा सतरंजीवर बसले, आणि मुलाच्या आजीला उठवायला तिघे लागले. आई काही पप्पांची वाट बघत होती, असं नाही. त्यांचं नावही काढत नव्हती. पण कोणी 'गेले' म्हणेना, म्हणून ते आपले आणायलाच गेलेले. आमचं अख्खं घर असं दोन मजल्यांच्या मध्ये अडकून होतं, आणि मी रोज ऑफिसात जाऊन दुसऱ्यांना सांगत होतो की मदत निघाली आहे.

गाइड वळला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी. पप्पाच होते. एवढा राग असूनही माझ्या तोंडून 'पप्पाच होते' असंच येतं, 'पप्पाच होता' येत नाही. आईने लावलेली शिस्त, दुसरं काय.

मी टोपी नाकावर ओढली. मला आता दाढी आहे आणि त्या दिवशी नाकही टोमॅटोसारखं होतं, म्हणून ओळखू येणार नाही असा अंदाज होता. पप्पा कप्तानाविषयी बोलत सुटले होते. कप्तान केवढा शूर, कप्तानाचं घराणं केवढं थोर. मग जाळी उंच धरून सगळ्यांना एका पिवळ्या घरासमोर घेऊन गेले.

"या बाल्कनीतून," पप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "एका रात्री कप्तानाच्या बायकोने त्याचे सगळे बूट खाली फेकले. पण फक्त उजव्या पायाचे!"

मंडळी हसली. नव्या नवरीने नवऱ्याच्या बुटांकडे बघितलं.

"उजवेच का?" टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

"डावे घरात राहिले की माणूस जोडी करायला परत येतो. मोठी हुशार बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते बूट मी गोळा केले होते. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, पप्पांनी न सांगता नोकरी सोडली त्या रात्री, आईने उजवे बूट खाली टाकले होते, आणि मी पायजम्यावर खाली जाऊन एकेक शोधत होतो. एक गटारात गेला होता. हे घर पिवळं नव्हतं, ही बाई कप्तानाची नव्हती, ही माझी आई होती!

पुढच्या चौकात एक पडकी शाळा होती. "इथे कप्तानाचा मुलगा शिकला," पप्पा म्हणाले. "त्याला सगळे वकील म्हणायचे. बालवाडीत जायच्या दिवशी म्हणाला, शाळा माझ्याकडे कधी आली नाही, मग मी का जाऊ?" सगळे पुन्हा हसले. पप्पा समाधानाने जाळी हलवत होते, जसं काही त्या वाक्याची रॉयल्टी त्यांनाच मिळते.

ते वाक्य माझं होतं. मला घरात वकीलच म्हणायचे.

मी सफर सोडून निघालो. मागून टोपीवाल्या बाई ओरडल्या, "अहो, शेवटी संग्रहालय आहे!" मी हात हलवला. तो हात कुणावर उगारलाय हे मलाच नक्की माहीत नव्हतं.

बंदराच्या भिंतीवर बसून ताईला फोन लावला.

"ताई, पप्पा सापडले."

"कुठले?"

"कुठले म्हणजे? आपले!"

"अगं बाई." मागे कुकरची शिट्टी झाली. "जाड झालेत का?"

"झालेत. इथे गाइड आहेत. शहराचा इतिहास म्हणून आपल्या घरातल्या भानगडी सांगतात. आईने बूट फेकले ते. मी शाळेत जाणार नव्हतो ते. लोक टाळ्या वाजवतात."

"माझं काही सांगितलं?" ताई म्हणाली.

"अजून नाही."

"बघ म्हणजे! तिथेही तूच लाडका." मग तिचा आवाज बदलला. "सोफा विचारलास?"

"मी अजून बोललोच नाहीये त्यांच्याशी."

"मग बोल. आणि आईला आत्ताच काही सांगू नकोस. आधी त्यांच्या तोंडून एकदाच वदवून घे, की मी घर सोडून गेलो. एवढंच वाक्य. ते मिळालं ना, की मी उद्या आईला दुकानात नेते आणि सोफा घेऊन देते. माझ्या सासूबाई म्हणतात तुमच्या माहेरी यायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा."

मी भिंतीवर बराच वेळ बसलो. समोर समुद्र होता, फुकटचा. एका लाटेचंसुद्धा मला कौतुक वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पुतळ्याजवळ गेलो. नवे प्रवासी होते, पण टोपीवाल्या बाई परत आल्या होत्या. "काल तुम्ही गेलात," त्या मला म्हणाल्या, "म्हटलं, काय चुकलं बघावं, म्हणून मीही परत आले." या वेळी मी अगदी पुढे उभा राहिलो. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, पापणीही हलवली नाही, आणि सुरुवात केली.

"आणि एके दिवशी कप्तानाने घर सोडलं," पिवळ्या घरासमोर ते म्हणाले. "समुद्राने त्याला हाक मारली."

मी हात वर केला. "हाक कोणत्या वारी मारली?"

"वार... इतिहासात नोंद नाही."

"रविवार होता. टेम्पो कोणी ठरवला होता?"

"जहाज, जहाज," पप्पा म्हणाले.

"जहाजाला मागून दोरी कोणी बांधली?"

"यांना बराच अभ्यास दिसतो," टोपीवाल्या बाई कुणाला तरी म्हणाल्या.

"फार चांगले प्रश्न," पप्पा म्हणाले आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना पुढे पाठवलं. चढावर ते मुद्दाम मागे रेंगाळले. माझ्या बरोबरीला आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाढी शोभत नाही तुला."

मी थांबलो. "तुम्ही ओळखलंत?"

"कालच. बाटली पाडलीस ना, तेव्हाच. लहानपणापासून हातात काही राहत नाही तुझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

"अरे, सफर चालू होती!"

इथे मी सांगायला हवं की माझं काम माणसाला बोलतं ठेवण्याचं आहे. तुमच्यासमोर काय दिसतंय, श्वास कसा चाललाय, घरी कोण कोण आहे. ओरडायचं नाही. मी तिथे, त्या चढावर, भर रस्त्यात ओरडलो. "घरी कोण कोण आहे माहीत आहे का तुम्हाला? आई आहे! सतरंजीवर आहे!"

फुलवाल्याने मान बाहेर काढली. पप्पांनी त्याला हात केला. फुलवाल्यानेही हात केला. त्यांची ओळख होती, सगळ्या गल्लीशी त्यांची ओळख होती, आणि त्याचाही मला राग आला.

"पप्पा, मला काही नको. एक वाक्य म्हणा. मी घर सोडून गेलो. म्हणा आणि मी जातो."

"पण मी घर कुठे सोडलं?" ते अगदी प्रामाणिकपणे गोंधळले. तोच चेहरा, नोकरी सोडली त्या रात्रीचा. "मी सोफा घेऊन आलो. कापड लावायला. सोडून जाणारा माणूस सोफा कशाला नेईल? किती जड आहे तो!"

"मग तो कुठे आहे?"

पप्पांनी जाळी उंच केली, शिट्टी फुंकली आणि चढाच्या टोकाला एका हिरव्या दाराजवळ उभे राहिले. कधीकाळी तिथे मासेमारीची जाळी ठेवत असावेत, अजून तसा वास येत होता. दारावर हाताने रंगवलेलं: 'कप्तान संग्रहालय'.

आत एकच खोली. मागे पडदा, पडद्यामागून एक स्टोव्ह आणि वाळत घातलेला बनियन डोकावत होता. खोलीच्या मधोमध, लाल दोरीच्या पलीकडे, त्यावर एक बल्ब सोडलेला, आमचा सोफा.

तोच. तपकिरी रेक्झीन, मधल्या गादीला तीच फाटकी जागा, ज्यातून मी लहानपणी स्पंज उपटून ताईच्या कानात घालायचो. कापड लावणं दूरच, कोणी साधी सुईसुद्धा लावली नव्हती.

"कप्तानाचं आसन!" पप्पा गरजले. "जहाजावर याच्यावर बसून त्याने वादळं बघितली. हे शार्क माशाचं कातडं."

"रेक्झीनसारखं दिसतंय," टोपीवाल्या बाई म्हणाल्या.

"शार्क तसाच दिसतो. आणि ही डाव्या हातावरची खूण बघा. शत्रूच्या तोफगोळ्याची!"

"त्रिकोणी तोफगोळा?"

"त्या काळी असायचे."

ती खूण इस्त्रीची होती. ताई कॉलेजच्या पहिल्या दिवशी ओढणीला इस्त्री करताना फोनवर हसत राहिली, आणि आईने तिला इतकं झापलं की ती तशीच चुरगळलेली ओढणी घेऊन रडत गेली. ताईचं काय सांगितलं असं ती विचारत होती. तर हे. आमच्या घरातली ताईच्या वाटची जागा म्हणजे शत्रूचा तोफगोळा.

मी दोरी ओलांडली आणि सोफ्यावर बसलो.

बायकांनी 'अगं आई' म्हटलं. कोणीतरी "अहो, बसायचं नाही, पाटी आहे" म्हणालं. पाटी होती. मी रेलून बसलो. पाठीला मागे काहीतरी टेकण्याची आमच्या घराला सवयच राहिली नव्हती, त्यामुळे क्षणभर वाटलं आपण मागे पडतोय. मी पप्पांकडे बघत होतो. आता त्यांना म्हणावंच लागणार होतं: ऊठ, कोण रे तू? किंवा: बसू दे, त्याचाच आहे. यातलं काहीही चाललं असतं. दोन्हीत वाक्य होतं.

पप्पांनी छाती भरून श्वास घेतला, जाळी माझ्याकडे रोखली आणि म्हणाले:

"मंडळी! कप्तानाचा वंशज!"

फोटो सुरू झाले. एकजण माझ्या शेजारी बसून अंगठा वर करून गेला. मी ओरडत होतो. "मी वंशज नाही! म्हणजे आहे, पण यांचा! हे माझे वडील आहेत! हा सोफा आमच्या बैठकीचा आहे! हे आम्हाला सोडून आले!" जितका ओरडत होतो तितक्या टाळ्या वाढत होत्या. "किती जीव ओतून करतो," कोणीतरी म्हणालं. माझा आयुष्यात पहिल्यांदा मोकळा सुटलेला राग कार्यक्रमाचा भाग झाला होता. पप्पांनी टोपी फिरवली. भरली. टोपीवाल्या बाई जाताना माझ्यासमोर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरं आहे ना हे?" मी मान हलवली. त्यांनी जाऊन टोपीतून आपली नोट परत काढून घेतली. त्या शहरातला मला पटलेला एकमेव माणूस.

खोली रिकामी झाली. मी उठलो नाही.

"छान झालं," पप्पा म्हणाले. "उद्या असंच जमेल का?"

मी ताईला फोन लावला. फोन आईने उचलला. आई ताईकडे आलेली होती आणि ताईच्या पोटात काही राहत नाही, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

"ते आहेत का तिथे?" आई म्हणाली. "स्पीकरवर टाक."

टाकला. पप्पांनी बनियन पडद्याआड ढकलला, जसं काही तिला दिसणार होतं.

"काय म्हणताय?" आई म्हणाली.

"बरं चाललंय. तू कशी आहेस?"

"कापड लावलंत का?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी सोफ्याकडे बघितलं, फाटक्या जागेकडे, इस्त्रीच्या डागाकडे. मला वाटलं, आता. आता येईल ते वाक्य. एवढ्या वर्षांनी बायको समोर आहे, म्हणजे फोनवर आहे, मुलगा समोर आहे, ज्याचं निमित्त केलं तो सोफाही समोर आहे. माणूस आणखी किती कोपऱ्यात सापडू शकतो?

"अगं, काय सांगू," पप्पा म्हणाले, "चांगला कारागीरच मिळत नाही."

आई हसली. फार नाही, नाकातून एकदाच, फुस्स करून, कुकरचं झाकण उघडताना होतं तसं.

"बरं," ती म्हणाली. "कळलं मला."

"काय कळलं?" मी म्हणालो. "आई, त्यांनी काही कबूल केलं नाही!"

"तू ओरडू नकोस. मला कळलं म्हणते ना. सोफा घेऊन ये."

"असा फाटका?"

"आपल्याकडे आहे कारागीर. कोपऱ्यावरच आहे, आधीपासून आहे. आणि ऐक, सोफा म्हणतेय मी. त्यावर कोणी बसलेलं असलं तर उठवून आण."

फोन बंद. पप्पा बराच वेळ जाळीची काडी नीट करत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी होस्टेलवालीला विचारलं, सोफा न्यायला काही मिळेल का. ती म्हणाली, "सोफा वेगळा." पण तिचा भाऊ मासळीचा ट्रक चालवायचा, आमच्या गावापर्यंत माल पोचवायचा. मासे पुढे, सोफा मागे, असं ठरलं. "वास लागेल," ट्रकवाला म्हणाला. "लागू दे," मी म्हणालो, "आधीच शार्कचा आहे."

हिरव्या दाराशी पोचलो तर पप्पा सोफ्यासमोर उभे. मला वाटलं अडवतील. मी रात्रभर वरच्या मजल्यावर, छताला नाक लावून, अडवल्यावर काय बोलायचं ते पाठ केलं होतं. फार सुंदर शिव्या होत्या, बहुवचनात.

ट्रकवाल्याने आणि मी सोफा उचलला. दारात अडकला. आडवा केला, अडकला. उभा केला, बल्ब फुटला.

"असा नाही निघायचा," पप्पा म्हणाले. "सरक." त्यांनी ट्रकवाल्याला बाजूला केलं आणि त्याचं टोक धरलं. "आधी पाय बाहेर. आता तिरका कर. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे! अरे, तुला डावा हात कळतो की नाही? हां. आता उचल."

मी दात ओठ खात उचलला. आम्ही दोघं एका सोफ्याच्या दोन टोकांना, चेहरे लाल, गल्ली बघतेय. माणसावर इतका राग असताना त्याच्या सूचना पाळणं याइतकी अपमानाची गोष्ट नाही, आणि त्या बरोबर असल्या तर विचारूच नका. सोफा घासत, कण्हत बाहेर आला. ट्रकमध्ये चढला. दोरी पप्पांनी बांधायला घेतली, मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः बांधली. गेल्या वेळी मी बांधलेली सुटली नव्हती.

तेवढ्यात खालून चढावर आवाज आले. सकाळच्या सफरीची मंडळी वेळेआधीच येत होती, सगळ्यात पुढे टोपीवाल्या बाईंची टोपी. त्यांनी बहुतेक बाकीच्यांना काहीतरी सांगितलेलं असावं, कारण सगळे फार उत्सुक दिसत होते.

पप्पांनी मागे वळून खोलीत बघितलं. लाल दोरी, फुटलेला बल्ब, आणि मधे सोफ्याच्या आकाराची स्वच्छ जागा, बाकी फरशीवर धूळ. तशीच जागा आमच्या घरात आहे. मी ती रोज बघत मोठा झालो. त्यांनी ती पहिल्यांदाच बघितली असावी. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी नीट बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं, रागाला तेवढा वेळ नव्हता.

"वकील," ते म्हणाले. "आता मी या लोकांना काय सांगू?"

मी ट्रकच्या मागे चढलो, सोफ्यावर बसलो, रेललो. मांडीवर होस्टेलने दिलेलं उकडलेलं अंडं होतं. मीठ वेगळं.

"सांगा," मी म्हणालो, "कापड लावायला नेलाय."

ट्रक सुरू झाला. पप्पा दोन पावलं ट्रकच्या मागे आले. जाळी हातातच होती.

"कधी आणशील परत?"

मंडळी आता अगदी जवळ आली होती. मी ऑफिसातला आवाज काढला, तो शांत, त्याचाच पगार मिळतो तो.

"लवकरच," मी म्हणालो.